आक्काबाईनं ओढ्यात मेंढरं बसवली

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवते. पिठाच्या गिरणीत उमर गेली की माणूस हळू बोलायचं विसरतं. पडेगावात दौलताबादच्या रस्त्याला, पुलाच्या अलीकडं आमची गिरणी. माझे मालक अप्पाराव यांनी ती टाकली, पण पोती उचलून त्यांची कंबर गेली. तेव्हापासून गिरणी मी चालवते आणि अप्पाराव बाजेवर बसून ती कशी चालवायची ते मला सांगतात. गिरणीच्या मागल्या दारातून लव्हाळीचा ओढा दिसतो. दिसायचा म्हणा.

सांगायचंय ते आक्काबाईचं. आक्काबाई धनगराची. माहेर खुलताबादच्या घाटाखालच्या वस्तीवरचं, सासर दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याला. अंगानं उंच, काटकुळी, आणि बोलणं अगदी मोजकं. तिला काही विचारलं की ती आधी मेंढरांकडं बघायची, मग तुमच्याकडं, आणि मग वाटलंच तर उत्तर द्यायची. माझ्यासारख्या बडबडीला असलं माणूस म्हणजे डोक्याला ताप. तरी आमचं जमलं.

तिचं वरीस ठरलेलं असायचं. पावसाळा किल्ल्यामागच्या डोंगरात. दिवाळी झाली, रानं मोकळी व्हायला लागली की मेंढरं घेऊन खाली गंगापूरकडं, पार गोदावरीच्या अंगाला. तिकडं ऊस, कापूस. पीक निघालं की शेतकरी म्हणतो, आमच्या रानात मेंढरं बसवा. मग संध्याकाळी रानात वाघूर, म्हणजे जाळी, गोल बांधायची आणि आत मेंढरं कोंडायची. रातभर त्यांच्या लेंड्या अन् मूत मातीत जिरतं, सकाळी जाळी सोडून पुढच्या तुकड्यात. असं बसवलेलं रान पुढच्या साली लांबून ओळखू येतं. बदल्यात धनगराला जवारी मिळते, बाजरी मिळते. येताजाता ती दळायला आक्काबाई माझ्याकडं थांबायची.

बसवायची कुठं, कोणत्या कोपऱ्यात जास्ती, हे तिला मुंजाबानं शिकवलं. मुंजाबा तिचा नवरा. रान हलकं, बिनकसाचं असलं तर त्याच तुकड्यात जाळी पुन्हा लावायची. आणि ज्याच्यावर जीव आहे, ज्यानं कधी अडीनडीला मदत केली, त्याच्या रानात एखादी रात फुकट बसवायची. धनगराकडं दुसऱ्याला द्यायला आणखी काय असतंय?

डोंगर ते गंगापूर या वाटेत पूर्वी मुक्कामाला जागाच जागा होत्या. एकेक करत सगळ्या गेल्या. वाळूजकडं कंपन्या आल्या, गायरानात घरं झाली, आणि शहर, तेव्हाचं औरंगाबाद, आताचं संभाजीनगर, कधी पडेगावला येऊन भिडलं ते कळलं नाही. राहिला होता फक्त आमचा लव्हाळीचा ओढा. त्याला पाणी पावसाळ्यापुरतं. बाकी वरीसभर कोरडी वाळू. पण वाळू खोल उकरली की तळाला पाणी झिरपून जमायचं. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. आक्काबाई वाटीवाटीनं ते पाणी काढून दगडाच्या कुंडीत ओतायची आणि मेंढरं आपल्या पाळीनं प्यायची.

एकदा वैजापूरकडचा कडुबा धनगर भलताच मोठा कळप घेऊन आला. त्याची मेंढरं जिभा काढून उभी. आक्काबाईनं उकरलेला झिरा त्यांनी पिऊन कोरडा केला आणि हिची मेंढरं दुपार टळेपर्यंत पाण्याची वाट बघत बसली. तिचा लेक अजिनाथ तेव्हा तिच्यासोबत फिरायचा, तो कडुबाच्या अंगावर धावला. आक्काबाईनं त्याला हाताला धरून मागं ओढलं. "पाण्यावर आलेलं मेंढरू हाकलायचं नाय," म्हणाली. तेवढंच. तिचं सगळं शास्त्र या एका वाक्यात होतं.

आता माझ्या दारातल्या पाण्याचंही सांगते, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. पहिल्या वर्षी तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. माझ्या दारावर बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यावर निळा झेंडा. ती जवारीचं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवून उन्हात उभी राहिली. मी पण काही कमी नाही. मी म्हणाले, "दळलेलं पीठ चालतंय व्हय तुमाला? त्याला माझाच हात लागलाय." ती पीठ घेऊन निघून गेली. पुढच्या साली दुष्काळ पडला, झिरा आटला, आणि तिनं दारात येऊन स्वतःहून गिलास मागितला. मी दिला. तेव्हापासून ती आली की आधी पाणी, मग दळण. टोमणा मात्र मी दर साली एकदा मारायचेच, आणि ती दर साली गालात हसायची.

दोन हजार बाराच्या दुष्काळात मुंजाबा तापानं गेला. अजिनाथ वाळूजला कंपनीत लागला, तिथंच खोली केली, बायको आणली. त्याला वाटायचं आईनं आता मेंढरं विकावी, नातींजवळ बसावं. पोरगा वाईट नव्हता. आई उन्हातान्हात एकटी फिरते, हे त्याला बघवत नव्हतं. दोघांची भांडणं माझ्या गिरणीत व्हायची, कारण इथं पट्ट्याच्या आवाजात बाहेरच्याला काही ऐकू जात नाही. शेवटी मायलेकांचं ठरलं. पडेगावच्या ओढ्यात मुक्काम आहे तोवर मेंढरं राहतील. ओढा गेला की विकायची, मग आईनं हूं का चूं करायचं नाही. आक्काबाईनं हो म्हटलं. ओढा कुठं जातोय, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं होतं.

मग अठराचा दुष्काळ आला, आणि त्याच्याबरोबर तात्यासाहेब आले. तात्यासाहेब प्लॉटिंगवाले. त्यांनी ओढ्याच्या दोन्ही अंगांनी जमीन घेतली आणि मधला ओढा त्यांच्या डोळ्यात खुपायला लागला. आधी काठावर मुरमाचे ढीग पडले, मग पाडलेल्या घरांच्या विटा पडल्या. विचारलं तर म्हणायचे, "मुक्ताबाई, ओढा मेलाय. वरीस झालं पाण्याचा थेंब नाय. मेलेल्याला माती द्यायची नाय तर काय करायचं?" बोलणं गोड, अगदी साखर पेरल्यासारखं. वस्तीतल्या लोकांनी हरकत घेतली, त्यात माझा अंगठा नाही, सही आहे. सरकारी साहेब लोकांनी सांगितलं की पाहणी करू, मग बघू.

त्याच हिवाळ्यात रत्नमाला आली. विद्यापीठात शिकणारी पोरगी, मूळ गंगापूरची, आमच्यातलीच. दारात येऊन "जयभीम, मावशी" म्हणाली आणि तिची मोजायची पेटी ठेवायला जागा मागितली. तिनं प्लॅस्टिकच्या जाड पाइपाची गोल कडी कापून आणली होती. ती ओढ्याच्या वाळूत अर्धी रुतवली. अधूनमधून यायची, कड्यावर डबा उपडा घालायची, डब्याची नळी पेटीला जोडायची आणि पेटीवरच्या आकड्यांकडं बघत उन्हात बसून राहायची.

मी विचारलं, "काय धरती गं त्यात? भूत?"

"श्वास धरते, मावशी," ती म्हणाली. मग तिनं नीट सांगितलं. ओढा वाळला तरी वाळूखालची माती मरत नाही. तिच्यात बारीक जीव असतात, ते पुरात वाहून आलेली पानं-मुळं कुजवत राहतात, आणि त्यातून कार्बनचा वायू सुटतो. आपल्या नाकातून सुटतो तोच. कोरड्या ओढ्यावर पहिलं पाणी पडलं की त्याचा एकदम भपका येतो. असे वाळणारे ओढे दुनियेत लई आहेत, पण ते वाळल्यावर किती वायू सोडतात हे मोजायचं बरेच दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हणजे हवा तापवायला आमचा ओढा जबाबदार?" मी म्हणाले. "कंपन्यांची धुराडी राहिली बाजूला, अन् गरिबाचा ओढा सापडला व्हय तुला?"

"मोजलं म्हणजे दोष दिला असं नाही, मावशी," ती हसून म्हणाली. मला काही ते पटलं नाही. पण पोरगी कामाची होती, आणि तिला वाळूत पडलेला पालापाचोळा चालायचा नाही. कड्यात एक पान उडून पडलं तरी चिमटीनं उचलून टाकायची.

आक्काबाई खाली जाताना ओढ्यात उतरली तेव्हा तिनं हे सगळं बघितलं. मेंढरं लांब बसवून ती रत्नमालाशेजारी वाळूत बसली आणि बराच वेळ पेटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "श्वास सोडतो, मंजी मेला नाय."

"मेला नाही, आक्का," रत्नमाला म्हणाली.

"त्या तात्याला सांग मग."

आणि खरंच तसा योग आला. पाहणीवाल्यांनी रत्नमालाच्या सरांचं मत मागवलं. सरांचं म्हणणं असं होतं की भरावाच्या मातीचा श्वास वेगळा आणि ओढ्याच्या मातीचा वेगळा. पाणी टाकून बघितलं की तो कसा चढतो आणि कसा उतरतो, त्यावरून सांगता येईल की हा अजून ओढाच आहे. रत्नमालानं हे गिरणीत येऊन सांगितलं तेव्हा आक्काबाई दळणाला बसली होती. तिनं एकेक शब्द ऐकला. तिचा ओढा, तिची मेंढरं, तिचं फिरणं, सगळं त्या पेटीवर येऊन टेकलं होतं, आणि ते तिला माझ्याआधी कळलं.

अडचण एकच होती. यंदा ओढा इतका वाळला होता की श्वास फारच कमी लागत होता. रत्नमाला कड्याजवळ बसून कपाळाला हात लावायची. म्हणायची, "आक्का, लई हलका लागतोय. इतक्यावर सर काही बोलायचे नाहीत." आक्काबाई मेंढरं उठवून गंगापूरकडं निघून गेली. तिकडं तिची बोलीची, आधीच ठरलेली रानं होती, शेतकरी वाट बघत होते.

पाहणीच्या आधी माझ्या भाच्याचं लग्न निघालं. गिरणीला कुलूप लावून आम्ही पण गंगापूरलाच गेलो. परत आले तर आक्काबाई पडेगावात. हंगाम अर्ध्यावर सोडून आलेली. मी म्हणाले, "कामून आलीस गं इतक्या लवकर? बोलीची रानं सोडून?" तिनं मेंढरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि उत्तर काही दिलं नाही. पण चेहरा खुश होता. रत्नमाला पण खुश. दोन दिवसांआधी तिनं पेटी लावली होती, वाळूवर पाणी टाकून बघितलं होतं, आणि श्वास असा चढला होता की बस्स. मला वाटलं, झालं, ओढा वाचला. मी त्या दिवशी अप्पारावांना गोड शिरा करून घातला, आणि मी सहसा असलं काही करत नाही.

पाहणीला साहेब आले, तात्यासाहेब छत्री धरून आले, रत्नमालाचे सर आले. वस्तीतली माणसं पुलावर गोळा झाली. आक्काबाई धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं उभी. सर साधा माणूस होता, चष्म्याच्या काचा पुसत पुसत बोलायचा. तो म्हणाला, "आधी लागलेला वायू अगदी कमी आहे आणि शेवटी एकदम चढलाय. चढला तो उतरलाच नाही. वाळलेल्या ओढ्यात असं होत नाही. इतका वायू सांडपाण्यातून येतो. वरच्या अंगानं कुणीतरी मैला सोडलेला दिसतो. याला आता ओढा म्हणणं अवघड आहे. हे गटार झालंय."

"मी दुसरं काय म्हणत होतो?" तात्यासाहेब म्हणाले. "पाइप टाकू, वरून बंद करू. लोकांचीच सोय होईल."

रत्नमालाचा चेहरा उतरला. सर असं बोलणार हे तिलाही माहीत नव्हतं, असं मला वाटतं. साहेबांनी मान हलवली. आणि तेवढ्यात आक्काबाई बोलली. इतक्या माणसांत तिला बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

"गटार नाय ते. म्या मेंढरं बसवली व्हती."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. रत्नमालानं विचारलं, "कुठं बसवली, आक्का?"

"तुह्या कड्यांवर. हलकं लागतंय म्हनलीस ना तू. मंग दोन-तीन राती बसवली. जाळी अशी लावली का कडी बरुबर मधी यावी. सकाळी लेंड्या येचून काढल्या. एकूण एक. तुला कचरा चालत नाय म्हनून."

तात्यासाहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. आक्काबाईला वाटलं असणार की तिचं म्हणणं लोकांना नीट कळलं नाही. ती रत्नमालाच्या जवळ गेली आणि हळू म्हणाली, "फुकट बसवली, बाई. तुह्यासाठी. कुणाकून दाणा घेतला नाय."

खोटं कशाला बोलू, मला तिचा रागही आला आणि तिला उराशी धरावंसंही वाटलं. रान हलकं झालं तर धनगर काय करणार? जे हाताला येतं तेच करणार. वाळूवरच्या लेंड्या वेचता येतात, पण रातभर जिरलेलं मूत कोण वेचणार? वरून पाणी पडल्यावर त्याचाच श्वास चढला होता.

सरांनी चष्मा डोळ्यावर चढवला. म्हणाले, "मग या कड्यांवरचं सगळंच बाद धरावं लागेल. आधीचं इतकं कमी आहे की त्यावर काही सांगता येत नाही, आणि नंतरचं मेंढरांचं आहे."

"म्हणजे मत काय धरू?" साहेबांनी विचारलं. "ओढा का गटार?"

"मला मत देता येणार नाही."

सर खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. पण खरं बोलणाऱ्या माणसामुळंही कधी कधी घर बुडतं. साहेब म्हणाले, मत नाही म्हणजे हरकतीला आधार नाही. मग मात्र माझा आवाज सुटला. "ओढा हाय का नाय ते मशीनला कामून इचारता? सहा सालच्या पुरात माझी निम्मी गिरणी याच ओढ्यानं नेली. ती काय गटारानं नेली व्हय?" साहेब म्हणाले, बाई, आरडाओरडा करू नका. मी म्हणाले, माझा आवाजच असा आहे. पालथ्या घड्यावर पाणी. गाड्या वळल्या आणि गेल्या.

रत्नमाला कडी उपटायला लागली. तिच्या एका हंगामाचं काम वाळूत गेलं होतं. ती आक्काबाईशी भांडली नाही, पण बोलली पण नाही. पेटी उचलून गेली. तिचा राग मला समजत होता आणि आवडत नव्हता.

आक्काबाई गिरणीत आली. मी गिलास भरून दिला. पाणी प्याली आणि म्हणाली, "मुक्ताबाई, म्या चुकले का?"

नाही म्हटलं असतं तर ते खोटं तिला कळलंच असतं. मी म्हणाले, "व्हय आक्का. चुकलं."

तिनं गिलास खाली ठेवला. म्हणाली, "इतकी रानं बसवली. बसवून रान बिघडलं असं कवा झालं नाय." आणि उठून मेंढरांकडं गेली.

उन्हाळा संपायच्या आत ओढ्यात सिमेंटचे पाइप पडले आणि वर मुरूम दाबला. झिऱ्याची जागा नेमकी कुठं होती ते आता मलाही दाखवता यायचं नाही. अजिनाथनं आईला शब्दाची आठवण करून दिली नाही, तशी गरजच पडली नाही. तिनंच त्याला बोलावून घेतलं. व्यापाऱ्याचा टेम्पो माझ्या गिरणीसमोर लागला. आक्काबाईनं मेंढरं स्वतः चढवली, एकेकाच्या पाठीवर हात ठेवून. अजिनाथ दाराआड उभा राहून डोळे पुसत होता, ती पुसत नव्हती. टेम्पो गेल्यावर तिनं वाघरीची घडी केली आणि माझ्याकडं दिली. "ठिव तुह्याकडं," म्हणाली. "खोलीवर नेली तर पोरी झोका करतील."

वाळूजला ती लेकाच्या खोलीवर राहिली. अजिनाथ येऊन सांगायचा की आई बसत नाही. सकाळी उठून इमारतीला फेऱ्या मारते, दुपारी पण मारते. सूनबाई चांगली होती बिचारी, चहा घेऊन मागं मागं फिरायची.

पुढच्या हिवाळ्यात रत्नमाला परत आली. राग निवला होता, निदान बोलण्यापुरता. तिनं दौलताबादच्या खालच्या अंगाला नवा ओढा धरला होता, तिथं कडी लावली होती. म्हणाली, "मावशी, त्या ओढ्यातून धनगरांची वाट जाते. कड्यांजवळ जनावर येऊ द्यायचं नाही, एवढं बघणारं माणूस पाहिजे. आक्काशिवाय दुसऱ्या कुणाचं धनगर ऐकायचे नाहीत."

मी तिच्यावर तडकले. "जिनं उमरभर मेंढरं राखली तिला मेंढरांवर राखण बसवती व्हय? लाज नाय वाटत?" रत्नमाला खाली बघत म्हणाली, "दुसरं माणूस लेंड्या बघून सोडून देईल, मावशी. आक्का सोडणार नाही. तिला माहीत आहे काय होतं ते." मी अजिनाथकडं निरोप धाडला. वाटलं होतं आक्काबाई नाही म्हणेल. ती दुसऱ्याच दिवशी गिरणीत हजर. "वाघूर दे," म्हणाली.

तीच जाळी तिनं दौलताबादच्या ओढ्यात कड्यांभोवती गोल बांधली. आत मेंढरं ठेवायची जाळी, आता मेंढरं बाहेर ठेवायला. मी ते बोलून दाखवलं नाही. मी सुद्धा काही गोष्टी तोंडातच ठेवते.

उन्हं तापल्यावर मी एकदा भाकरी घेऊन तिच्याकडं गेले. बाभळीखाली आम्ही दोघी बसलो होतो. मी अजून फडकं सोडलं नव्हतं, तोवर वरच्या वळणावर धुरळा उठला. कळप खाली उतरला. मागं कडुबा, तोच वैजापूरचा, आता केस पिकलेला. मेंढरं माना खाली घालून चालत होती, एकदोन पाय ओढत होती. कडुबानं आक्काबाईला ओळखलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"आक्का, बरं झालं गाठ पडली. झिरा उकरतो मी, पाणी हितंच लागतंय. ही जाळी जरा बाजूला घे."

आक्काबाई उठून जाळीपुढं उभी राहिली. "हितं नको, कडुबा. वर पिंपळाच्या मळ्यात हीर हाय, तिथं ने."

"ती लांब हाय. न्हाई पोचायची ही." त्याला वाटलं ती थट्टा करते. "पाण्यावर आलेलं मेंढरू..."

"हितं नको म्हनलं ना."

पुढची मेंढी वाळू हुंगत जाळीपर्यंत आली होती. आक्काबाईनं काठी आडवी धरली आणि तिला मागं लोटलं. मेंढी पुन्हा आली. तिनं पुन्हा लोटली, आणि मग तोंडानं तो आवाज काढला, जो धनगर मेंढरं उठवून पुढं काढायला काढतात. सगळा कळप वळला. कडुबा तिच्याकडं बघत राहिला. खांद्यावरचं घोंगडं सारखं करून तो मेंढरांमागं निघून गेला, आणि त्यानं मागं वळून बघितलं नाही.

आक्काबाई खाली बसली. "आत लेंड्या पडल्या का बघ," म्हणाली.

मी जाळीत वाकून कडी बघितली. "नाय आक्का. साफ हाय."

मी फडकं सोडलं, बाटलीतलं पाणी गिलासात ओतून तिच्यापुढं धरलं. घसा कोरडा पडला होता तिचा, मला दिसत होतं. तिनं गिलास घेतला नाही. पिंपळाच्या मळ्यातल्या विहिरीकडं जाणाऱ्या धुरळ्याकडं बघत बसली.

"आता का?" मी म्हणाले. "आता काय झालं माझ्या पाण्याला?"

"कडुबाची मेंढरं हिरीला लागू दे," ती म्हणाली. "मंग पिते."

धुरळा अजून अर्ध्या वाटेतच होता. मी गिलास तसाच हातात धरून तिच्याजवळ बसून राहिले.